नाकातलं वाढलेलं मांस आणि रेडिओलहरींची सुई

उशाशी एक बाटली, ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये दुसरी, प्रवासाच्या बॅगेत तिसरी. नाकात टाकायच्या थेंबांवर वर्षानुवर्षं काढणारी माणसं शोधायला फार लांब जावं लागत नाही, प्रत्येकाच्या नात्यागोत्यात एखादं तरी असतंच. थेंब टाकले की पाच-दहा मिनिटांत नाक मोकळं होतं, झोप लागते आणि म्हणून ती बाटली सुटत नाही. या थेंबांत बहुधा ऑक्सिमेटाझोलिन किंवा झायलोमेटाझोलिन असतं. ते नाकातल्या रक्तवाहिन्या आकसवतं. सलग ३ ते ५ दिवसांपलीकडे ते वापरू नये असं डॉक्टर बजावतात, कारण अंमल उतरला की त्याच वाहिन्या आधीपेक्षा जास्त फुगतात. मग पुन्हा थेंब, पुन्हा फुगवटा. सुरुवातीला रात्रभर पुरणारं औषध काही महिन्यांनी निम्मी रात्रही पुरत नाही. औषधानेच ओढवलेल्या या चोंदण्याला वैद्यकात ‘रायनायटिस मेडिकामेंटोझा’ असं भारदस्त नाव आहे.

कधी तरी हा माणूस कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे पोचतो. नाकात दुर्बीण जाते, पडद्यावर गुलाबी, फुगीर असं काही तरी दिसतं आणि निदान कानावर पडतं, ‘‘नाकात मांस वाढलंय.’’ त्यावर पेशंटचं उत्तरही ठरलेलं असतं, ‘‘मग डॉक्टर, एकदाचं कापूनच टाका ना!’’

नाकाच्या बाबतीत ही घाई महागात पडते. ते मांस तिथे कामावर आहे. त्याचा आकार कमी करायचा, पण त्याला कामावरून काढायचं नाही, या विचारातून गेल्या पंचवीस-तीस वर्षांत रेडिओफ्रिक्वेन्सीचा उपचार पुढे आला. नाकात तो चांगला चालतो. घशात, म्हणजे घोरण्यावर आणि झोपेत श्वास अडकण्यावर, त्याची मजल बरीच कमी आहे. जाहिरातींत मात्र दोन्ही एकाच ओळीत बसवलेले असतात : टाके नाहीत, भूल नाही, तासाभरात घरी. म्हणून दोन्हींचा हिशोब वेगवेगळा मांडायला हवा.

आधी एक खुलासा. दवाखान्यात ‘मांस वाढलंय’ हे तीन निरनिराळ्या गोष्टींबद्दल सांगितलं जातं. लहान मुलांच्या नाकामागे, घशाच्या वरच्या टोकाला वाढतात ते अ‍ॅडिनॉइड्स. मोठ्यांच्या नाकात सायनसच्या तोंडाशी लोंबणारे, राखाडी, बोटाच्या स्पर्शालाही न दुखणारे असतात ते पॉलिप. आणि नाकाच्या बाजूच्या भिंतीवर फुगलेलं असतं ते टर्बिनेट. या लेखातली सुई तिसऱ्यासाठी आहे. निदान ऐकल्यावर पहिला प्रश्न ‘यातलं नेमकं कुठलं?’ असा विचारावा, कारण तिघांचे उपचार एकमेकांच्या कामाचे नाहीत.

टर्बिनेट म्हणजे नाकाच्या बाहेरच्या भिंतीवरून आतल्या पोकळीत आलेला आडवा कंगोरा. प्रत्येक बाजूला एकाखाली एक असे तीन. सर्वांत खालचं टर्बिनेट सर्वांत मोठं, पुढून मागे चार-पाच सेंटिमीटर लांब. मध्ये पातळ हाड, त्यावर जाड, ओलसर आवरण, आणि आवरणाच्या पोटात शिरांचे मोठाले कप्पे. या कप्प्यांत रक्त भरलं की टर्बिनेट फुगतं, रिकामे झाले की बसतं. हे दिवसभर, आपल्या नकळत चालू असतं. आपण दिवसाला १०,००० लिटरच्या आसपास हवा आत घेतो. डिसेंबरातली महाबळेश्वरची पहाटेची हवा असो नाहीतर मे महिन्यातली नागपूरची कोरडी झळ, घशाच्या मागच्या भागाशी पोचेपर्यंत ती शरीराच्या तापमानाच्या बरीच जवळ आलेली असते, दमट झालेली असते आणि तिच्यातली बरीचशी धूळ वाटेतल्या चिकट थरावर अडकलेली असते. हे काम मुख्यतः टर्बिनेट्स करतात.

शिवाय ते पाळीपाळीने करतात. एका बाजूची टर्बिनेट्स फुगतात तेव्हा दुसऱ्या बाजूची बसतात, आणि काही तासांनी अदलाबदल होते. जर्मन डॉक्टर रिचर्ड कायझर यांनी १८९५ मध्ये याचं शास्त्रीय वर्णन केलं. आपल्याकडच्या स्वरशास्त्रात डावा स्वर चंद्राचा, उजवा सूर्याचा आणि ते आलटून पालटून चालतात, हे निरीक्षण त्याच्या कितीतरी आधीचं आहे. कुठला स्वर चालू असताना कुठल्या कामाला निघावं हा भाग ज्याने त्याने ठरवावा, पण मूळ निरीक्षण अचूक होतं. निरोगी नाकातसुद्धा एक नाकपुडी बहुतेक वेळ थोडी बंद असते. त्यामुळे ‘कधी डावं बंद, कधी उजवं’ ही तक्रार हा दरवेळी आजार नसतो. आडवं झाल्यावर डोक्याकडच्या शिरांतला दाब वाढतो, म्हणून रात्री चोंदणं जास्त जाणवतं, आणि कुशीवर झोपलं की खालची बाजू बंद होते हेही त्यातलंच.

मग एवढ्याशा सुजेने जीव का कासावीस व्हावा? श्वास घेताना संपूर्ण श्वसनमार्गात हवेला जो रोध होतो त्यातला निम्मा एकट्या नाकाचा असतो, आणि नाकातली सर्वांत अरुंद जागा नाकपुडीपासून जेमतेम सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरवर आहे. खालच्या टर्बिनेटचं पुढचं टोक नेमकं तिथे येतं. साध्या सरळ नळीतून शांतपणे वाहणाऱ्या हवेचा नियम असा की रोध त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. त्रिज्या १० टक्क्यांनी घटली की रोध दीडपट. नाक काही सरळ नळी नाही, हवा तिथे वळते, घुसळते, त्यामुळे हा हिशोब जसाच्या तसा लागू होत नाही. पण एक-दीड मिलिमीटर सूज माणसाला तोंडाने श्वास घ्यायला का लावते, ते यावरून कळतं. उलटही खरं आहे. उपचाराने तेवढीच एक-दीड मिलिमीटर जागा मिळाली तरी पुष्कळ झालं. त्यासाठी अख्खं टर्बिनेट काढावं लागत नाही.

टर्बिनेट कायमचं फुगून राहण्याचं आपल्याकडचं मोठं कारण म्हणजे अ‍ॅलर्जी. गाद्या-उशांतले सूक्ष्म किडे, दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावरून उतरणारी धूळ, बुरशी, बांधकामांचा धुरळा, बंद खोलीत जळणारी उदबत्ती आणि डासांची कॉइल, सगळे त्यात हातभार लावतात. पुण्याचा त्यात स्वतःचा वाटा आहे. काँग्रेस गवत म्हणून आपण ज्याला नावं ठेवतो ते गाजर गवत भारतात पहिल्यांदा लक्षात आलं ते १९५५ च्या सुमारास पुण्यात, आणि त्याचे परागकण अ‍ॅलर्जीच्या सर्दीचं सिद्ध झालेलं कारण आहे. दुसरं कारण नाकाचा मधला पडदा वाकडा असणं. पडदा एका बाजूला झुकला की दुसऱ्या बाजूला जादा जागा होते आणि तिथलं टर्बिनेट ती भरून काढायला वाढतं. अशा नाकात पडदा तसाच ठेवून नुसत्या टर्बिनेटवर उपचार केला तर पैसे जातात आणि चोंदणं राहतं.

कुठल्याही सुईआधी औषधांची पाळी असते, आणि ती प्रामाणिकपणे दिली गेली पाहिजे. मिठाच्या पाण्याने नाक धुणं, घरात जलनेती करत असाल तर तीच, फक्त पाणी उकळून गार केलेलं असावं. त्यानंतर स्टेरॉइडचा फवारा, रोज, निदान महिना-दीड महिना. या फवाऱ्यांना ‘स्टेरॉइड’ या नावामुळे लोक विनाकारण भितात. नाकात फवारलेलं औषध रक्तात फार थोडं उतरतं. खरा घोटाळा वेगळ्याच ठिकाणी होतो. बहुतेक लोक उजव्या हाताने उजव्या नाकपुडीत फवारा मारतात, तो मधल्या पडद्यावर आदळतो, रक्त येतं आणि औषध बंद होतं. उजव्या नाकपुडीला डावा हात, डावीला उजवा, आणि नळीचं तोंड त्याच बाजूच्या डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याकडे. औषध टर्बिनेटवर पडतं. एवढ्या एका बदलाने शस्त्रक्रिया टळलेले लोक आहेत. सर्दीच्या गोळ्यांवर मात्र फार भिस्त ठेवू नये. त्यातल्या अनेकांत असलेलं फिनाइलेफ्रिन तोंडावाटे घेतल्यावर नाक मोकळं करत नाही, असा एकमुखी निर्वाळा अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या सल्लागार मंडळाने २०२३ मध्ये दिला.

ओव्याची पुरचुंडी, निलगिरी, कापूर, मेंथॉलचं मलम यांचं काय? नाकात टीआरपीएम८ नावाचे थंडावा टिपणारे ग्राहक असतात. मेंथॉल त्यांना चेतवतं आणि मेंदूला वाटतं, गार हवा भरपूर आत येतेय. यंत्राने मोजलं तर हवेचा प्रवाह तेवढाच निघतो. म्हणजे ही फसवणूक म्हणायची का? मला तसं वाटत नाही, कारण या मोजमापाने नाकाबद्दलची फार महत्त्वाची गोष्ट कळली. नाक ‘मोकळं वाटणं’ हे नुसत्या रुंदीवर ठरत नाही, आवरणाच्या पृष्ठभागावर गार हवेची चाहूल लागण्यावरही ठरतं. पृष्ठभाग गेला की चाहूलही गेली.

टर्बिनेट कापण्याच्या जुन्या शस्त्रक्रिया नेमक्या इथे फसल्या. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून सर्जन टर्बिनेट अर्धवट किंवा समूळ कापत आले, तापलेल्या तारेने जाळत आले, पुढे गोठवू लागले, लेसरने भाजू लागले. जागा तर भरपूर व्हायची. पण आवरणच गेल्यामुळे नाक कोरडं पडायचं, आत खपल्या धरायच्या, क्वचित पीनसासारखी दुर्गंधी यायची. इटलीतल्या सिएना इथे देसिदेरिओ पासाली आणि सहकाऱ्यांनी ३८२ रुग्णांवर वेगवेगळ्या ६ पद्धती करून त्यांचा ६ वर्षं पाठपुरावा केला. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेला त्याचा निष्कर्ष असा, की आवरण शाबूत ठेवून आतला भाग कमी करणारी पद्धत कापण्या-जाळण्यापेक्षा दीर्घकाळ सरस ठरते. सगळ्यात विलक्षण अवस्था काही थोड्या रुग्णांची व्हायची. नाक दुर्बिणीतून प्रशस्त, हवा सहज आरपार, आणि माणूस मात्र सांगतोय की श्वास येत नाही, गुदमरतोय. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये यूजीन कर्न आणि मोनिका स्टेन्क्विस्ट यांनी १९९४ मध्ये या अवस्थेला ‘एम्प्टी नोझ सिंड्रोम’ असं नाव दिलं. ही अवस्था दुर्मीळ आहे, पण झाली की निस्तरायला अतिशय कठीण. गेलेलं टर्बिनेट परत बसवता येत नाही.

आवरणाला हात न लावता आतला गर कमी करायचा, तर उष्णता आतच निर्माण व्हायला हवी. इथे रेडिओलहरी कामाला येतात. फ्रेंच शास्त्रज्ञ द’आर्सोनव्हाल यांनी १८९१ मध्ये दाखवलं होतं की विजेचा प्रवाह सेकंदाला १०,००० वेळांपेक्षा जास्त वेगाने दिशा बदलू लागला की स्नायूंना झटका बसत नाही, फक्त उष्णता तयार होते. १९२६ मध्ये बोस्टनला विल्यम बोव्ही यांच्या यंत्राने हार्वे कुशिंग यांनी मेंदूची शस्त्रक्रिया केली, तेव्हापासून असा प्रवाह प्रत्येक ऑपरेशन थिएटरात आहे. पण ते यंत्र पेशी जाळतं, धूर काढतं. टोकाशी तापमान काही शे अंशांवर जातं. टर्बिनेटसाठी हवी होती मंद आच.

ती आणली स्टॅनफर्डच्या मंडळींनी. नेल्सन पॉवेल, रॉबर्ट रायली आणि त्यांचे सहकारी झोपेत श्वास अडकणाऱ्या रुग्णांवर शस्त्रक्रिया करत होते आणि त्यांना जिभेचं मूळ न कापता लहान करायचं होतं. पहिला प्रयोग डुकरांच्या जिभेवर झाला. तो १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी सॉम्नस नावाच्या कंपनीच्या यंत्राला घोरण्यावरच्या, म्हणजे मऊ टाळूवरच्या उपचारासाठी अमेरिकेत मंजुरी मिळाली. १९९८ मध्ये केसी ली यांनी याच तंत्राचा टर्बिनेटवरचा प्राथमिक अभ्यास छापला. थोडक्यात, उपचार शोधला गेला घशासाठी, आणि चांगला लागू पडला नाकाला.

यंत्र चालतं साधारण ४६५ किलोहर्ट्झवर. आकाशवाणीची मुंबईची अस्मिता वाहिनी मध्यम लहरींवर ५५८ किलोहर्ट्झला लागते आणि पुणे केंद्र ७९२ ला. त्याच्या जरासं खाली ही सुई. एक्स-रेसारखं किरणोत्सर्गाचं भय यात नाही. ऊतीतल्या क्षारांचे कण प्रवाहाच्या तालावर मागेपुढे होतात, त्यांच्या घर्षणाने ऊती स्वतःच तापते. सुई तापवून टोचलेली नसते, ती सभोवतालच्या ऊतीमुळे तापते. तिच्यातला तापमापक क्षणाक्षणाला यंत्राला खबर देतो आणि ठरलेल्या मर्यादेपलीकडे, बहुधा ७५ ते ८५ अंश, यंत्र आच वाढू देत नाही. ६० अंशांच्या पुढे पेशींतली प्रथिनं गोठतात. बस, तेवढंच हवं असतं.

प्रत्यक्ष उपचार खुर्चीत बसवूनही होतो. आधी बधिरीकरणाच्या औषधात भिजवलेल्या कापसाच्या लांब पट्ट्या चिमट्याने नाकात सरकवतात. दहा मिनिटं त्या तशाच. घशात कडू चव उतरते, वरचे दात आणि ओठ जड होतात. पट्ट्या काढल्यावर टर्बिनेटच्या पुढच्या टोकाला इंजेक्शन. पेशंटला आठवत राहतं ते बहुधा हेच. मग मांडीवर किंवा पाठीवर एक चिकट पट्टी लावतात, विजेच्या परतीच्या वाटेसाठी. आता दुर्बिणीत पाहत डॉक्टर सुई टर्बिनेटच्या पोटात, आवरण आणि हाड यांच्या मधोमध, पुढून मागे सरकवतात. सुईचा मागचा भाग इन्सुलेशनने झाकलेला असतो, म्हणून ती जिथून शिरली तिथलं आवरण भाजत नाही. पायाखालचं पेडल दाबलं की यंत्र बारीक आवाजात सुरू होतं. मिनिट-दोन मिनिटं थोडा दाब, थोडी ऊब. एका बाजूला साधारण ३०० ते ५०० ज्यूल ऊर्जा जाते. ५०० ज्यूल म्हणजे १२० मिलिलिटर पाण्याचं तापमान जेमतेम १ अंशाने वाढेल एवढी. ती हरभऱ्याच्या दाण्याएवढ्या जागेत सोडलेली असते म्हणून परिणाम करते.

घरी गेल्यावर पहिले काही दिवस नाक आधीपेक्षा जास्त चोंदतं. हे कुणी आधी सांगितलेलं नसेल तर माणूस घाबरतो आणि थेंबांची बाटली पुन्हा उघडतो, जे करायचं नसतं. आतल्या जखमेची सूज आठवडाभरात उतरते. मेलेल्या पेशी शरीर हळूहळू उचलून नेतं, त्या जागी तंतुमय व्रण तयार होतो, तो आकसतो आणि आवरणाला हाडाकडे ओढून धरतो. खरा फरक तीन ते सहा आठवड्यांत कळतो. तोवर मिठाच्या पाण्याने नाक धुवायचं, जोरात शिंकरायचं नाही. खपल्या धरतात, पण कापण्याच्या मानाने फारच कमी.

आता पुरावा. नाकावरच्या उपचारांत मनाचा वाटा मोठा असतो, म्हणून इथे खोट्या उपचाराशी तुलना केलेले अभ्यासच मोलाचे. नीझ आणि क्रेम्पल यांनी २००४ मध्ये अशी तुलना छापली. एका गटाला खरी ऊर्जा, दुसऱ्याला सुई टोचून नुसतंच बसवलेलं. दुसऱ्या गटालाही बरं वाटलं! पण पहिल्याला त्याहून जास्त. फिनलंडमधल्या टाम्पेरेच्या गटाने २०१८ मध्ये रेडिओफ्रिक्वेन्सी, लेसर आणि मायक्रोडिब्रायडर (आतला गर खरवडून काढणारं यंत्र) या तिन्हींची लुटुपुटीच्या शस्त्रक्रियेशी तुलना केली. तिन्ही सरस ठरल्या, पण एकूण सुधारणेत खोट्या उपचाराचा वाटा लक्षणीय असल्याचंही त्यांनी नमूद केलं. यावरून मी काढलेला अर्थ असा : उपचार खरा आहे, जाहिरातीतला शंभर टक्के खरा नाही. अ‍ॅलर्जी आटोक्यात ठेवली तर फायदा काही वर्षं टिकतो. गाद्या, धूळ आणि फवारा यांकडे दुर्लक्ष केलं तर टर्बिनेट पुन्हा फुगतं, आणि तेव्हा उपचार पुन्हा करता येतो. त्याची जमेची बाजू हीच. काही बिघडवलेलं नसतं.

घसा हा वेगळा प्रदेश आहे. नाकाला हाडांची चौकट आहे, जागा ठरलेली आहे, अडथळा डोळ्यांना दिसतो. मऊ टाळूपासून स्वरयंत्रापर्यंतचा घसा म्हणजे हाडांचा आधार नसलेली मऊ भिंतींची वाट. जागेपणी स्नायू ती ताणून धरतात. झोपेत ते सैलावले की पडजीभ आणि मऊ टाळू हवेच्या झोतात फडफडतात, ते घोरणं. आणखी सैलावून वाटच बंद झाली, निदान १० सेकंद, तर तो अ‍ॅप्निया. कुठे बंद होते? टाळूपाशी, जिभेच्या मुळाशी, टॉन्सिलपाशी, बाजूच्या भिंती एकमेकींकडे सरकून, किंवा एकाच वेळी अनेक ठिकाणी. जागेपणी तोंड उघडून पाहिल्यावर हे समजत नाही, म्हणून १९९१ पासून औषधाने झोप आणून दुर्बिणीने घसा तपासण्याची पद्धत आली.

टाळूवरच्या उपचारात सुई मऊ टाळूच्या स्नायूत दोन-तीन ठिकाणी टोचून आच देतात. व्रण तयार होऊन टाळू कडक होतो, फडफड कमी होते. लेसरने टाळू कापण्यापेक्षा हे खूपच कमी दुखतं, पण एका बैठकीत भागत नाही. चार-सहा आठवड्यांच्या अंतराने दोन-तीन बैठका लागतात. सुई वरवर लागली तर टाळूवर फोड येऊन जखम होते. जर्मनीतल्या बोरिस श्टुक यांच्या २००५ मधल्या अभ्यासात खऱ्या उपचारानंतर घोरण्याचे गुण १० पैकी सुमारे ८ वरून ५ वर आले. खोट्या उपचारात ते ८ च्या आसपासच राहिले. हे गुण देणार कोण? शेजारी झोपणारी व्यक्ती. म्हणजे घोरणं कमी झालं, संपलं नाही. पुढे वजन वाढलं की बऱ्याच जणांचं ते परतही येतं.

जिभेच्या मुळावर हीच सुई चालवताना धोका वाढतो. दोन्ही बाजूंना जिभेची रोहिणी आणि जीभ हलवणारी नस असते, म्हणून मधोमधच राहावं लागतं. सूज आली तर ती थेट श्वासाच्या वाटेवर येते, क्वचित गळू होतो. हे दवाखान्याच्या खुर्चीत उरकून घरी पाठवण्याचं काम नव्हे. रुग्णावर काही तास नजर ठेवावी लागते. अ‍ॅप्नियाच्या बाबतीत फायद्याचा पुरावाही पातळ आहे. हेलसिंकीच्या गटाने २००९ मध्ये सौम्य अ‍ॅप्नियाच्या रुग्णांवर टाळूची एक बैठक आणि खोटा उपचार यांची तुलना केली, तेव्हा दोघांत अर्थपूर्ण फरक निघाला नाही. अमेरिकेच्या निद्रावैद्यक संघटनेने २०१० मध्ये या उपचाराला जागा दिली ती एवढीच : अ‍ॅप्निया सौम्य किंवा मध्यम आहे आणि रुग्ण मास्क लावू शकत नाही वा लावायला तयार नाही, तर विचार करता येईल.

तो मास्क म्हणजे सीपॅप. सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ मध्ये मांडलेला हा उपाय, हवेच्या दाबाने रात्रभर घसा उघडा ठेवणं, आजही मध्यम आणि तीव्र अ‍ॅप्नियावरचा पहिला उपचार आहे. आपल्याकडे तो कपाटात जाऊन बसतो, कधी लाजेने, कधी बायको हसते म्हणून, आणि पुष्कळदा नाक बंद असल्यामुळे हवा आत ढकलली की गुदमरतं म्हणून. इथे नाकाच्या टर्बिनेटवरची सुई खरी कामाला येते. नाक मोकळं केल्याने अ‍ॅप्नियाचे आकडे फारसे उतरत नाहीत, पण मास्क सहन होऊ लागतो, कमी दाबात भागतं. मला विचाराल तर अ‍ॅप्नियाच्या रुग्णासाठी या तंत्राचा सर्वांत चांगला उपयोग घशात नाही, नाकातच आहे.

टॉन्सिलसाठी वापरतात ते कोब्लेशन याचंच भावंड. हिरा थपलियाल आणि फिलिप एगर्स यांच्या या शोधात प्रवाह मिठाच्या पाण्यातून जातो, त्यातून आयनांचा पातळ थर तयार होतो आणि तो ४० ते ७० अंशांतच ऊती विरघळवतो. टॉन्सिल मोठे आहेत म्हणून घोरणाऱ्या मुलांत याने बाहेरचं कवच ठेवून आतला भाग काढता येतो. मूळ टॉन्सिलच अडथळा असेल तर निकाल उत्तम. टाळू-जिभेच्या आशा त्यावर लादू नयेत.

ज्यांच्या छातीत पेसमेकर आहे त्यांनी सुईतला प्रवाह परतीच्या पट्टीने शरीरातून फिरणार आहे हे ध्यानात ठेवून हृदयरोगतज्ज्ञांना आधी विचारावं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर तेही सांगावं. आणि घोरण्यासाठी जाणाऱ्या प्रत्येकाने, दिवसा झोप येते का, रक्तदाब वाढलाय का, झोपेत श्वास थांबतो असं घरच्यांनी पाहिलंय का, हे डॉक्टरांना न विचारताच सांगून टाकावं. तासाला ५ ते १५ वेळा श्वास अडकला तर अ‍ॅप्निया सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३० च्या वर तीव्र. हा आकडा फक्त रात्रभराच्या झोपेच्या तपासणीतच मिळतो. आवाज बंद झाला आणि अ‍ॅप्निया तसाच राहिला तर घरच्यांची झोप सुधारते, रुग्णाचं हृदय आणि मेंदू मात्र रात्रभर प्राणवायूसाठी झगडत राहतात, आणि आता ते कुणाला ऐकूही येत नाही. म्हणून झोपेच्या तपासणीचा अहवाल हातात आल्याशिवाय घोरण्यावरच्या कुठल्याही सुईची तारीख घेऊ नका.